रक्ताच्या नात्यापलीकडची आई : पर्ल बक

सिद्धार्थाच्या जन्मानंतर सातव्या दिवशी महामायेचे निधन झाले आणि महाप्रजापती गौतमीने त्या बाळाला छातीशी धरून वाढवले, हे आपल्या विहारात येणाऱ्या लहान पोरांनाही ठाऊक आहे. परमपूज्य बाबासाहेबांची आई भीमाबाई त्यांच्या बालपणीच गेली आणि आत्या मीराबाईंनी त्यांचा सांभाळ केला. म्हणजे ज्यांनी जगाला वाट दाखवली ते दोघेही दुसरीच्या मायेवर लहानाचे मोठे झाले. पण ही दुसरी बाई घरातलीच होती. मावशी होती, आत्या होती. पोर परक्याचे असेल, त्याचा रंग वेगळा असेल, त्याच्या बापाची जात कोणाला ठाऊक नसेल, तर त्याला कुशीत कोण घेणार? हा प्रश्न ज्या बाईने आपला केला तिचे चरित्र यंदाच्या स्मरणिकेत द्यावे असे आम्हांस वाटले. ती बाई म्हणजे अमेरिकेच्या जगप्रसिद्ध लेखिका पर्ल बक.

पर्लबाईंचा जन्म २६ जून १८९२ रोजी अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात हिल्सबरो या गावी झाला. आईवडील ख्रिस्ती धर्मप्रचारक होते आणि त्यांचे काम चीनमध्ये चाले. पर्ल काही महिन्यांची असतानाच ते तिला घेऊन चीनला परतले. त्या आईला एकूण सात मुले झाली, त्यांतली चार लहानपणीच दगावली. उरलेल्यांत ही पर्ल. चेनच्यांग या नदीकाठच्या शहरात ती वाढली. चिनी दाईच्या मांडीवर बसून तिने गोष्टी ऐकल्या, चिनी पंतोजींकडून अक्षरे गिरवली. चिनी भाषा तिच्या तोंडात इंग्रजीइतकीच सहज बसली.

पण रंग काही लपत नाही. तिचे केस पिवळे, डोळे निळे. तिथल्या लोकांना काळे केस हेच माणसाचे केस वाटत. म्हणून दाई बाहेर नेताना तिचे केस टोपीत खोचून झाकायची. रस्त्यावरची पोरे गोऱ्या माणसांना परकी भुते म्हणून हिणवत. १९०० साली चीनमध्ये परदेशी लोकांविरुद्ध मोठा उठाव झाला तेव्हा आठ वर्षांच्या पर्लला आईबरोबर घर सोडून शांघायला जावे लागले. पुढे १९१० साली ती शिकायला अमेरिकेत गेली, तर तिथल्या गोऱ्या मुलींना ही चिनी वळणाची पोरगी विचित्र वाटायची. चीनमध्ये ती गोरी म्हणून परकी, अमेरिकेत चिनी म्हणून परकी. ज्याला दोन्हीकडून ढकलले जाते त्याचे दुःख काय असते हे तिला पुस्तकातून शिकावे लागले नाही. आपल्या वाचकांनाही ते वेगळे समजावून सांगायला नको.

१९१४ साली पदवी घेऊन ती चीनला परतली. १९१७ साली शेतीशास्त्राचे अभ्यासक जॉन लॉसिंग बक यांच्याशी तिचे लग्न झाले. नवऱ्याबरोबर ती उत्तर चीनच्या खेड्यांत हिंडली. दुष्काळ पाहिला, सावकारी पाहिली, बाळंत होऊन लगेच शेतात उतरणाऱ्या बाया पाहिल्या. १९२७ साली नानकिंग शहरात परदेशी लोकांवर हल्ले झाले, तेव्हा या कुटुंबाला एका गरीब चिनी बाईने आपल्या झोपडीत लपवले आणि त्यांचे प्राण वाचले. जिच्या घरात बसायला धड जागा नव्हती तिने जीव धोक्यात घालून परक्यांना आसरा दिला.

१९२० साली पर्लबाईंना मुलगी झाली. बाळंतपणानंतर शस्त्रक्रिया करावी लागली आणि पुन्हा मूल होण्याची आशा संपली. पोरगी दिसायला गोजिरी, पण जशी मोठी होऊ लागली तसे कळले की तिच्या बुद्धीची वाढ होत नाही. शरीरातल्या एका जन्मजात दोषामुळे तसे होत होते. हा दोष वैद्यकाला कळला तो १९३४ साली. आज तो तान्ह्या बाळाच्या रक्ताच्या तपासणीत सापडतो आणि ठरावीक आहार दिला की मूल वाचते. पण त्या वेळी उपाय नव्हता. पर्लबाई पोरीला घेऊन एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे फिरल्या. अखेर १९२९ साली न्यू जर्सीतील व्हाईनलँड येथील शाळेत तिला ठेवावे लागले. तिचा जन्मभराचा खर्च भागवायचा म्हणून पर्लबाईंनी लेखणी आणखी जोराने चालवली. १९३१ साली चिनी शेतकऱ्याच्या जीवनावरची त्यांची द गुड अर्थ ही कादंबरी आली, १९३२ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९३८ साली पर्लबाईंना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन स्त्री. जगाने लेखिका पाहिली. तिच्या मागे एका पोरीची काळजी करणारी आई होती हे १९५० पर्यंत फार थोड्यांना ठाऊक होते. त्या साली त्यांनी या मुलीविषयी पुस्तक लिहून स्वतःच ती गोष्ट उघड केली आणि अशा मुलांच्या हजारो आयांना तोंड वर करायचे बळ दिले.

१९२५ साली त्यांनी पहिली मुलगी दत्तक घेतली होती. १९३५ साली पहिल्या नवऱ्यापासून घटस्फोट घेऊन त्यांनी आपले प्रकाशक रिचर्ड वॉल्श यांच्याशी लग्न केले आणि पेनसिल्व्हानिया राज्यात ग्रीन हिल्स फार्म या शेतावर संसार मांडला. तिथे आणखी चार तान्ही बाळे आली. धर्मप्रचारकांच्या घरात जन्मूनही १९३२ साली त्यांनी मिशनऱ्यांच्या अहंकारावर जाहीर टीका केली आणि १९३३ साली मिशनशी संबंध तोडला. चिनी लोकांना अमेरिकेत येण्यास बंदी घालणारा १८८२ चा कायदा रद्द व्हावा म्हणून त्या आणि वॉल्श झटले. तो १९४३ साली रद्द झाला. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या बाजूनेही त्यांनी अमेरिकेत आवाज उठवला.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. १९४८ च्या डिसेंबरात एका दत्तक संस्थेचे पत्र पर्लबाईंकडे आले. पंधरा महिन्यांचा एक मुलगा होता. आई अमेरिकन, धर्मप्रचारकांची मुलगी. बाप आपल्या हिंदुस्थानातला. आईच्या माणसांना पोर नको होते, बापाच्या माणसांनाही नको होते. संस्थेने पुष्कळ शोध घेतला, पण या सावळ्या पोराला घर मिळेना. कोठे सोय झाली नाही तर त्याला काळ्या मुलांच्या अनाथालयात टाकावे लागणार होते. वाचकहो, जरा थांबून विचार करा. बाळाचा गुन्हा काय? दोन कातड्यांची माणसे एकत्र आली हाच. आणि समुद्रापलीकडे त्याला नाकारणारी एक बाजू आपल्याच देशाची होती.

पर्लबाईंनी इतर दत्तक संस्थांकडे चौकशी केली. सगळीकडे एकच उत्तर. असे मिश्र रक्ताचे मूल आम्ही घेत नाही, कारण त्याला कोणी दत्तक घेणार नाही. त्या काळी अमेरिकेत दत्तक देण्याची जी रीत होती तिला जुळणी म्हणत. आईबाप आणि मूल यांचा रंग जुळला पाहिजे, धर्म जुळला पाहिजे, शक्य तर डोळे आणि केसही जुळले पाहिजेत. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटावे की मूल याच बाईच्या पोटचे आहे. ज्याची जुळणी होत नाही ते मूल आपोआप बाद. तोंडाने कोणी म्हणत नसे की आम्ही रंगाचा विटाळ मानतो. म्हणायचे ते एवढेच की आम्ही मुलाचे हित पाहतो.

गिरणीतल्या जुन्या माणसांना ही भाषा ओळखीची वाटेल. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या लोकांना विणाई खात्यात, साच्यावर घेत नसत. सबब काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो. पगार जास्त कोणत्या खात्यात, तर त्याच. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न वेशीवर टांगला. कामाची अडचण सांगायची आणि तिच्या आडून जात पाळायची, ही युक्ती मुंबईत चालली तशी अमेरिकेतही चालत होती.

त्यात कायद्याचीही साथ होती. अमेरिकेच्या अनेक राज्यांत गोऱ्या आणि गोरे नसलेल्या माणसांचे लग्न हाच गुन्हा होता. लग्नाला मान्यता नाही, तर मुलाला मान कोठून मिळणार? पर्लबाईंनी १९५२ साली द हिडन फ्लॉवर ही कादंबरी याच विषयावर लिहिली. जपानी मुलगी, गोरा अमेरिकन सैनिक आणि दोघांच्या जगात जागा नसलेले त्यांचे मूल अशी ती कथा आहे. हे लग्नबंदीचे कायदे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रद्द केले, तोवर १६ राज्यांत ते शिल्लक होते.

पर्लबाईंनी त्या बाळाला घरी आणले. पाठोपाठ दुसरे पोर आले. त्याच्या अंगात चिनी रक्त होते. बाईंचे वय तेव्हा ५६. तान्ही बाळे वाढवायला आपण आता म्हाताऱ्या, हे ओळखून त्यांनी जवळच एक घर आणि मुलांना आईबापाप्रमाणे वाढवील असे एक जोडपे शोधले. असे १९४९ साली वेलकम हाऊस उभे राहिले. वेलकम हाऊस म्हणजे स्वागताचे घर. नावातच सगळे आले. त्याच भागात राहणारे नाटककार ऑस्कर हॅमरस्टाईन आणि त्यांची पत्नी, तसेच लेखक जेम्स मिचनर यांनी मदतीचा हात दिला.

सुरुवातीला बेत एवढाच होता की ज्यांना कोणी नेणार नाही ती मुले याच घरात मोठी होतील. पण झाले उलटेच. बातमी पसरली तशी माणसे स्वतःहून विचारू लागली की हे पोर आम्हाला द्याल का. शहाणी मंडळी वर्षानुवर्षे सांगत होती की या मुलांना घर मिळणार नाही, आणि घरे तर दाराशी उभी होती. संस्थांनी लोकांना कधी विचारलेच नव्हते! त्यांनी आपल्या मनातला भेद लोकांच्या नावावर खपवला होता. मग वेलकम हाऊस ही रंग आणि वंश आड न येऊ देता मूल दत्तक देणारी संस्था बनली. अशा प्रकारची अमेरिकेतली ती पहिली मानली जाते. पुढच्या पाच दशकांत तिने पाच हजारांवर मुलांना आईबाप मिळवून दिले. तिचे दत्तक देण्याचे काम २०१४ साली थांबले.

पर्लबाई दुसऱ्याला सांगून गप्प बसल्या नाहीत. १९५० च्या दशकात त्यांनी स्वतः आणखी दोन मुली घेतल्या. एकीची आई जर्मन, दुसरीची जपानी, आणि दोघींचे बाप काळे अमेरिकन सैनिक. अशी सात दत्तक मुले त्यांच्या घरात वाढली. मोठी दत्तक लेक तर पुढे पर्लबाईंच्या पश्चात त्यांच्या पोटच्या मतिमंद मुलीची पालक झाली. तिने त्या बहिणीचा भार शेवटपर्यंत वाहिला. रक्ताचे नाते म्हणतात ते आणखी काय असते?

१९५० ते १९५३ कोरियात युद्ध झाले आणि अमेरिकन सैनिकांची हजारो मुले मागे राहिली. बाप निघून गेलेला, आई समाजात तोंड लपवणारी. तिथे घराण्याची नोंद बापाच्या नावाने होई. बाप कोरियन नाही तर नोंद कशाची? काळ्या सैनिकाच्या मुलाचे हाल तर कुत्रा खाईना. अशा मुलांना अमेरेशियन हे नाव पर्लबाईंनी रूढ केले. सगळ्यांनाच अमेरिकेत नेता येणार नाही, ज्याला आपल्या आईजवळ राहायचे आहे त्याला तिथेच शिक्षण आणि मान मिळाला पाहिजे, म्हणून १९६४ साली त्यांनी आपल्या नावाची संस्था काढली. १९६७ साली कोरियात सोसा येथे या मुलांसाठी केंद्र सुरू झाले. संस्थेच्या कारभाऱ्यावर पुढे गंभीर आरोप झाले आणि १९६९ साली त्याला राजीनामा द्यावा लागला. पर्लबाईंनी मात्र त्याचीच बाजू घेतली. चरित्र लिहायचे तर हेही लिहिले पाहिजे. थोर माणसाला देव्हाऱ्यात बसवणे आपल्या धम्मात बसत नाही.

आता एक दुसरी बाजू. १९७२ साली अमेरिकेतील काळ्या समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने जाहीर केले की काळी मुले गोऱ्या घरांत दत्तक देऊ नयेत. पहिल्यांदा वाचताना आम्हांसही हे उलटे वाटले. ज्या भिंती पाडायच्या त्या आपणच का बांधायच्या? पण त्यांचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे. काळ्या मुलाला उद्या रस्त्यावर, शाळेत, पोलिसासमोर जो अपमान गिळावा लागेल त्याला तोंड कसे द्यायचे हे गोरी आई कशी शिकवणार? ती तर त्यातून गेलेलीच नाही. शिवाय काळी जोडपी मूल मागायला जात तेव्हा पगार कमी, खोल्या कमी असे म्हणून त्यांना परत पाठवत. आधी आपल्या घरांना नालायक ठरवायचे आणि मग आपली पोरे दुसऱ्याला द्यायची, हा कुठला न्याय? तिथल्या मूळ रहिवाशांचे तर आणखी वाईट. त्यांच्या दर चार मुलांमागे किमान एक मूल घरातून काढून बाहेर ठेवले गेले होते, आणि बहुतेक गोऱ्यांच्या घरी किंवा संस्थांत. म्हणून १९७८ साली कायदा करावा लागला की अशा मुलाला आधी नातेवाईक, मग त्याची जमात, असा क्रम लावावा. हा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली कायम ठेवला. उलट इतर मुलांच्या बाबतीत १९९४ आणि १९९६ च्या कायद्यांनी ठरवले की केवळ वंशाच्या कारणाने मुलाला घर नाकारू नये किंवा वाट पाहायला लावू नये. हा वाद अजून मिटलेला नाही.

कोरियाचेही तसेच. तिथून १ लाख ४० हजारांहून अधिक मुले परदेशी गेली. २०२५ साली तिथल्या सत्यशोधन आयोगाने सांगितले की पुष्कळांची कागदपत्रे खोटी केली होती, आईबाप असलेल्या मुलांनाही अनाथ दाखवले होते. म्हणजे दत्तक हा शब्द गोड असला तरी त्यात बाजार शिरू शकतो.

आम्हांस यातून उमगते ते असे. रंग जुळत नाही म्हणून मुलाला दार बंद करणे हे पाप. आणि दार उघडल्यावर त्याचा रंग, त्याची माणसे, त्याचा इतिहास पुसून टाकणे हाही अन्यायच. पर्लबाईंच्या आयुष्यात या दोन्हींचे उत्तर सापडते. त्यांनी परकी मुले पोटाशी धरली आणि आपल्यातले चीन मात्र कधी पुसू दिले नाही. १९७२ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन चीनला गेले तेव्हा पर्लबाईंनाही जायचे होते. चीन सरकारने परवानगी नाकारली. ६ मार्च १९७३ रोजी व्हरमाँट राज्यात डॅन्बी येथे त्यांचे निधन झाले. ग्रीन हिल्स फार्मवर त्यांची समाधी आहे. तिच्या दगडावर इंग्रजी नाव नाही, चिनी अक्षरांत कोरलेले त्यांचे चिनी नाव आहे. वाढवणाऱ्या भूमीचे ऋण त्यांनी असे फेडले.

आता आपल्या घरात डोकावू. जुन्या धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक घ्यायचा तो मुलगाच, आणि तोही आपल्याच वर्णाचा. पर्लबाई अमेरिकेत रंगाची जुळणी मोडत होत्या त्याच वर्षी, १९४९ साली, बाबासाहेब दिल्लीत हिंदू कोड बिल मांडून दत्तकातली जातीची अट काढा म्हणून सनातन्यांशी झुंजत होते. दोघांची गाठ पडली की नाही हा प्रश्न गौण आहे, लढाई एकच होती. बिल रखडले आणि १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपदावर लाथ मारली. पुढे त्या बिलाचे तुकडे करून कायदे झाले. दत्तकाचा कायदा लागू झाला २१ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या पंधरा दिवसांनी. त्यात जातीची अट नाही, मुलगीही दत्तक घेता येते आणि तो आपणा बौद्धांनाही लागू आहे. ज्याने हा हक्क मिळवून दिला त्याला तो पाहायला मिळाला नाही.

पण कायद्याने दार उघडले तरी उंबरा ओलांडायचा माणसानेच. आजही आपल्या वस्तीत मूल नसलेले जोडपे असले आणि कोणी अनाथ बाळाची गोष्ट काढली की म्हातारी माणसे पहिला प्रश्न काय विचारतात? कोणाचं पोर हाय? कुठल्या जातीचं? दीक्षा घेतलेल्या, बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरांत हा प्रश्न विचारला जातो तेव्हा मान खाली जाते. आपल्याला ज्या प्रश्नाने हजारो वर्षे जाळले तोच प्रश्न आपण एका बाळाला विचारायचा? तथागतांनी संघाला समुद्राची उपमा दिली; नद्या समुद्राला मिळाल्या की त्यांची जुनी नावे राहत नाहीत. मग आपल्या घराचा समुद्र एका बाळापुरताही मोठा होऊ नये?

म्हणून माता-भगिनींना आणि बांधवांना आमची विनंती आहे. ज्यांना मूल नाही त्यांनी बाईला दोष देत, अंगारेधुपारे करत आयुष्य घालवू नये. रीतसर, सरकारमान्य संस्थेकडून, कायद्याप्रमाणे मूल घ्यावे. मधल्या दलालाच्या नादी लागू नये. मुलीला नको म्हणू नये. मूल कळते झाले की त्याला खरे काय ते प्रेमाने सांगावे, दुसऱ्याच्या तोंडून कळू देऊ नये. आणि शेजाऱ्यांनी त्याला पोसलेलं पोर म्हणून चिडवू नये. विहारात ते इतर मुलांच्या पंक्तीत बसेल, त्रिसरण म्हणेल, तेव्हा महाप्रजापती गौतमीचे ऋण थोडे तरी फिटेल.

जयभीम! नमो बुद्धाय!